पाचशे किलोमीटरचा कच्चा रस्ता आणि मध्ये एकच हॉटेल : वाळवंटात गाडी बंद पडली तर काय करायचं?

मुंबईहून गोव्याला निघालात की वाटेत काय काय लागतं ते आठवा. पनवेल, पेण, माणगाव, महाड, चिपळूण, कणकवली, सावंतवाडी. दर थोड्या वेळाने वडापावची गाडी, पंक्चरवाला, पेट्रोल पंप. गाडी बंद पडली तर पाच मिनिटांत चार माणसं बॉनेटमध्ये डोकं घालून सल्ला द्यायला हजर!

आता जवळजवळ तेवढाच लांब एक रस्ता डोळ्यांसमोर आणा. त्यावर डांबर नाही, एकही मोठं गाव नाही, मोबाईलला रेंज नाही. पेट्रोल आणि जेवण मिळण्याचं ठिकाण मध्ये फक्त एक. बाकी सगळं वाळवंट.

असा रस्ता खरंच आहे. ऑस्ट्रेलियातला ‘बर्ड्सव्हिल ट्रॅक’. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या मरी या छोट्या गावापासून तो क्वीन्सलँडमधल्या बर्ड्सव्हिलपर्यंत जातो. लांबी साधारण ५१७ किलोमीटर. मध्ये मुंगेरानी नावाच्या ठिकाणी एक हॉटेल आहे, तेवढंच.

याच रस्त्याच्या परिसरात डिसेंबर १९६३ मध्ये एका कुटुंबातले पाचही जण तहानेने गेले. त्यांची गाडी कशाला धडकली नव्हती, उलटलीही नव्हती. ती फक्त थांबली होती. त्यानंतर जे घडलं, ते आजही वाळवंटात गाडी चालवायला शिकणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं जातं.

ती गोष्ट पुढे येईलच. पण आधी हा रस्ता नेमका कसा असतो आणि तिथे गाडी का अडकते, हे समजून घेऊ.

हा रस्ता मुळात गाड्यांसाठी नव्हताच

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात क्वीन्सलँडमधले पशुपालक आपली गुरं शेकडो किलोमीटर चालवत मरीला आणायचे. तिथून रेल्वेने ती शहराकडे जायची. गुरांच्या खुरांनी जी वाट पडली, तोच आजचा बर्ड्सव्हिल ट्रॅक. एका बाजूला स्टर्टचं दगडगोट्यांचं वाळवंट, दुसऱ्या बाजूला वाळूच्या टेकड्या, अशी ही वाट.

या भागात सामान वाहून नेलं ते मात्र उंटांनी. हे उंट आणि त्यांना हाकणारी माणसं बहुतेक करून अफगाणिस्तान आणि त्या वेळच्या ब्रिटिश हिंदुस्थानातून आली होती. ऑस्ट्रेलियात या सगळ्यांना सरसकट ‘अफगाण’ म्हणायचे. मरीमध्ये त्यांची मोठी वस्ती होती आणि त्यांनी तिथे मशीदही बांधली होती.

पुढे उंटांची जागा ट्रकने घेतली. टॉम क्रूझ नावाचा टपालवाला (हॉलीवूडच्या नटाशी याचा काही संबंध नाही!) आपला जुना लेलँड ट्रक घेऊन मरी ते बर्ड्सव्हिल टपाल आणि किराणा पोचवायचा. वाळूत चाकं रुतली की तो चाकांखाली लोखंडी पत्रे टाकून ट्रक पुढे काढायचा. १९५४ साली आलेल्या ‘द बॅक ऑफ बियाँड’ या माहितीपटामुळे तो जगभर माहीत झाला. आज वाळवंटात जाणारे लोक गाडीच्या टपावर ज्या दातेरी प्लास्टिकच्या फळ्या बांधून नेतात, त्या म्हणजे त्याच लोखंडी पत्र्यांची सुधारलेली आवृत्ती.

रस्ता पन्हाळी पत्र्यासारखा का होतो?

गाडी कच्च्या रस्त्याला लागली की पहिली ओळख होते ती खडखडाटाची. रस्त्यावर आडव्या, एकसारख्या अंतरावर लाटा उठलेल्या असतात. छपराचा पन्हाळी पत्रा जमिनीवर अंथरलाय असंच वाटतं. गाडीतलं प्रत्येक नट-बोल्ट वाजायला लागतं.

या लाटा कोणी मुद्दाम केलेल्या नसतात, त्या चाकांमुळेच तयार होतात. रस्त्यावर कुठेतरी बारीकसा उंचवटा असतो. चाक त्यावरून किंचित उडतं आणि पलीकडे आपटतं. आपटलं की तिथली माती दाबली जाते, थोडी पुढे ढकलली जाते आणि पुढचा उंचवटा तयार होतो. पुढची गाडी तिथेच उडते आणि तिथेच आपटते. हजार गाड्या गेल्या की लाटांची रांग तयार!

२००७ साली काही शास्त्रज्ञांनी याचा साधा प्रयोग केला. गोल फिरणाऱ्या थाळ्यात वाळू पसरली आणि तिच्यावर एक चाक ठेवलं. त्या चाकाला ना इंजिन होतं ना शॉकअ‍ॅब्सॉर्बर. तरीही वाळूवर लाटा उठल्या. एका ठरावीक वेगाच्या खाली मात्र त्या उठल्या नाहीत. म्हणजे सगळ्यांनी गाड्या अगदी हळू चालवल्या तर रस्ता सपाट राहील. पण पाचशे किलोमीटर कापायचे असताना बैलगाडीच्या वेगाने कोण जाणार?

इथेच पहिला मोह येतो. हळू गेलं तर हाडं खिळखिळी होतात. वेग वाढवला तर साधारण ताशी ७०-८० किलोमीटरला खडखडाट अचानक कमी होतो आणि गाडी तरंगत चालल्यासारखी वाटते. चालकाला हायसं वाटतं.

पण गाडी खरोखरच तरंगत असते, हाच तर धोका आहे. चाकं फक्त लाटांच्या माथ्यांना स्पर्श करत जातात. मधल्या वेळात टायर आणि जमीन यांची पकड नसते. अशा वेळी वळण आलं किंवा करकचून ब्रेक मारला, तर गाडी तुमचं ऐकत नाही. ती सरकते, घाबरून स्टिअरिंग उलट्या बाजूला फिरवलं जातं आणि गाडी उलटते. आसपास दुसरी गाडी नसतानाही अपघात होतो तो असा.

म्हणून जाणकार एकच सांगतात : वेग असा ठेवा की दिसणाऱ्या अंतराच्या आत गाडी थांबवता येईल. आणि कच्च्या रस्त्यावर गाडी थांबायला डांबरी रस्त्यापेक्षा बरंच जास्त अंतर लागतं, हे विसरू नका.

टायरमधली हवा कमी करायची? होय, मुद्दाम!

आपण प्रवासाला निघताना हवा भरून घेतो. वाळवंटात उलट करावं लागतं.

उंटाचा पाय पाहिलाय? तो वाळूवर टेकला की पसरतो. वजन मोठ्या जागेवर विभागलं जातं, म्हणून उंट रुतत नाही. टायरमधली हवा कमी केली की नेमकं हेच होतं. जमिनीला टेकणारा टायरचा भाग लांब होतो, वजन जास्त जागेवर पसरतं आणि गाडी वाळूत बुडण्याऐवजी वरून चालते.

कच्च्या खडीच्या रस्त्यावरही थोडी हवा कमी केली तर फायदा होतो. टायर मऊ राहतो, टोकदार दगडावरून जाताना दबतो आणि फाटण्याची शक्यता कमी होते. खडखडाटही थोडा सुसह्य होतो. डांबरी रस्त्यावर ३६ पीएसआय हवा असेल तर खडीवर साधारण २६-२८ आणि मऊ वाळूत १६-१८ पर्यंत लोक उतरतात. नेमका आकडा गाडी, टायर आणि सामानाच्या वजनावर ठरतो.

पण हवा कमी केली की वेगही कमी करावाच लागतो. कमी हवेचा टायर वेगात जास्त वाकतो, तापतो आणि फुटू शकतो. परत चांगल्या रस्त्याला लागलं की हवा भरावी लागते. म्हणून गाडीत छोटा कॉम्प्रेसर आणि हवा मोजायचं यंत्र असणं गरजेचं. आणि स्टेपनी एक नाही, दोन! पहिलं पंक्चर काढायला दुकान पुढच्या चौकात नाही, दोनशे किलोमीटरवर आहे.

बर्ड्सव्हिलच्या पश्चिमेला सिम्पसन वाळवंट सुरू होतं. तिथे वाळूच्या अकराशेहून अधिक टेकड्या एकीला एक समांतर पसरल्या आहेत. अशी टेकडी चढताना काही साधे नियम पाळतात. चढायचं आणि उतरायचं सरळ रेषेत, कारण उतारावर आडवं वळलं तर गाडी लोळते. वाळूत थांबायचं असेल तर ब्रेक दाबायचा नाही, गाडी आपोआप थांबू द्यायची. नाहीतर चाकांपुढे वाळूचा ढीग साचतो. गाडी रुतलीच तर अ‍ॅक्सिलरेटर दाबत राहायचं नाही, कारण चाक फिरत राहिलं की स्वतःच खड्डा खणत जातं. आपल्याच चाकोरीतून हळूच मागे यायचं, हवा आणखी थोडी कमी करायची आणि पुन्हा प्रयत्न करायचा.

आणि हो, गाडीला उंच काठीवर झेंडा लावायचा. टेकडीच्या पलीकडून कोण चढतंय हे दिसत नाही. आधी दिसतो तो झेंडा.

धुळीत लपलेले खड्डे आणि पन्नास मीटर लांब ट्रक

काही ठिकाणी रस्त्यावर पिठासारखी बारीक, मऊ धूळ साचते. तिथले लोक तिला ‘बुलडस्ट’ म्हणतात. ती खड्ड्यात भरते आणि वरून रस्ता अगदी सपाट दिसतो. चाक आत गेलं की कळतं, इथे गुडघाभर खड्डा होता.

दुसरी गोष्ट म्हणजे ‘रोड ट्रेन’. एका ट्रकला मागे दोन-तीन मोठे ट्रेलर जोडलेले. ऑस्ट्रेलियात अशा गाडीची लांबी ५३ मीटरपर्यंत असू शकते. ती समोरून आली की मागे धुळीची भिंत घेऊन येते. काही सेकंद समोरचं काहीच दिसत नाही. उडालेल्या दगडाने काच तडकते. अशा वेळी वेग कमी करायचा, डावीकडे सरकायचं, गरज पडली तर पूर्ण थांबायचं आणि धूळ बसेपर्यंत वाट बघायची. ओव्हरटेकची घाई तर मुळीच करायची नाही. धुळीत शिरून पुढे जाणं म्हणजे डोळे मिटून गाडी चालवणं.

हेडलाइट दिवसाही चालू ठेवायचे. रात्री शक्यतो प्रवासच करायचा नाही, कारण संध्याकाळ ते पहाट ही कांगारूंची वेळ. गुरंही कुंपणाशिवाय मोकळी फिरत असतात. समोर जनावर आलं तर ब्रेक मारा, पण स्टिअरिंग झटक्याने फिरवू नका. जनावर वाचवायच्या नादात गाडी उलटते आणि माणसं जातात.

वाळवंटात रस्ता बंद होतो तो पावसामुळे!

हे वाचून आश्चर्य वाटेल. या भागात वर्षभरात २०० मिलिमीटरसुद्धा पाऊस पडत नाही. आपल्या कोकणात जुलैमधल्या एखाद्या दिवशी तेवढा पडून जातो. पण तिथे एका सरीत दहा-पंधरा मिलिमीटर पाऊस झाला तरी रस्ता बंद करावा लागतो.

कारण रस्त्याची माती. बऱ्याच ठिकाणी ती चिकण असते. ओली झाली की साबणासारखी घसरते, चाकांना चिकटून मडगार्डमध्ये गच्च भरते आणि चाक फिरेनासं होतं. आपल्याकडे काळ्या रानात पावसाळ्यात ट्रॅक्टर नेलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

अशा ओल्या रस्त्यावर एक जड गाडी गेली तरी खोल चाकोऱ्या पडतात. ऊन पडलं की त्या दगडासारख्या कडक होतात आणि पुढे महिनोन्‌महिने सगळ्यांना त्रास देतात. म्हणून ‘रस्ता बंद’ अशी पाटी असताना गाडी घातली तर तिथे मोठा दंड होतो. ही पाटी केवळ तुमच्या काळजीपोटी लावलेली नसते. तो रस्ता दुरुस्त करणारी माणसं मोजकीच असतात आणि पुढच्या गावाचं सामान, औषधं त्याच रस्त्याने येतात.

आणखी एक गंमत म्हणजे कूपर क्रीक. ही नदी एरवी कोरडी असते आणि बर्ड्सव्हिल ट्रॅक तिच्या पात्रातूनच जातो. पण शेकडो किलोमीटर दूर क्वीन्सलँडमध्ये मोठा पाऊस झाला की ते पाणी सपाट जमिनीवरून रेंगाळत, कित्येक आठवड्यांनी इथे पोचतं. वर आकाश निरभ्र, पायाखाली धूळ आणि समोर पूर! अशा वेळी वाळवंटात चक्क फेरीबोट सुरू करावी लागते. १९४९ मध्ये अशी बोट आणली होती. २०१० मध्येही गाड्या बोटीनेच पलीकडे न्याव्या लागल्या.

म्हणून निघण्याच्या दिवशी रस्ता चालू आहे की बंद, हे सरकारी संकेतस्थळावर पाहायचं आणि मुक्कामाच्या ठिकाणी विचारायचं. गेल्या आठवड्यातली रील पाहून निघायचं नाही.

आता डिसेंबर १९६३ ची गोष्ट

ते कुटुंब मूळचं इंग्लंडचं होतं आणि मरीला राहत होतं. आईवडील आणि तीन मुलगे. नाताळच्या सुमारास ते बर्ड्सव्हिलच्या दिशेने निघाले. वाटेत रस्ता चुकला, फिरत राहिले आणि पेट्रोल संपलं.

दक्षिण गोलार्धात डिसेंबर म्हणजे ऐन उन्हाळा. बर्ड्सव्हिलला २४ डिसेंबर १९७२ रोजी ४९.५ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली, ती क्वीन्सलँड राज्यातली सर्वाधिक नोंद मानली जाते. मरीच्या वायव्येला असलेल्या उडनाडट्टा इथे २ जानेवारी १९६० रोजी ५०.७ अंश नोंदवले गेले. अशा उन्हाळ्यात, जवळ थोडंसंच पाणी असताना हे पाच जण अडकले होते.

त्यांनी गाडीजवळ चिठ्ठी ठेवली. आणि मग ते गाडी सोडून पाण्याच्या शोधात निघाले. शोधपथकाला आधी गाडी सापडली. माणसं सापडली तेव्हा उशीर झाला होता. पाचही जणांना तिथेच, वाळवंटात, एकत्र पुरलं आहे.

‘मी असतो तर गाडीजवळच थांबलो असतो,’ असं घरी पंख्याखाली बसून म्हणणं सोपं आहे. पण विचार करा. मुलं सोबत आहेत, पाणी संपत आलंय, तासन्‌तास एकही गाडी दिसलेली नाही. अशा वेळी नुसतं बसून राहणं म्हणजे हातावर हात ठेवून मरणाची वाट बघणं, असंच मनाला वाटतं. चालायला लागलं की निदान काहीतरी केल्यासारखं वाटतं. ही भावना अगदी माणसाची आहे. आणि वाळवंटात तीच जीव घेते.

चालत जाणं इतकं धोक्याचं का?

साधा हिशेब करू. चाळीस अंशांच्या पुढे उन्हात चालताना शरीर थंड राहण्यासाठी घाम गाळतं आणि तासाला एक लिटर किंवा त्याहून जास्त पाणी जाऊ शकतं. वाळूत आणि दगडांत दहा किलोमीटर चालायला सहज तीन तास लागतात. म्हणजे एका माणसाचं तीन-चार लिटर पाणी गेलं. एवढं करून पोचायचं कुठे? पुढचं ठिकाण शंभर किलोमीटरवर असतं. एवढं पाणी पाठीवर घेऊन चालणं शक्यच नाही.

सावलीत शांत बसलेल्या माणसाला याच्या तुलनेत फार कमी पाणी लागतं. म्हणजे जवळ आहे तेच पाणी चालणाऱ्याला काही तास पुरेल, तर बसणाऱ्याला त्याहून कितीतरी जास्त वेळ.

दुसरं कारण त्याहून महत्त्वाचं. शोधणाऱ्याला काय दिसतं? विमानातून खाली पाहिलं तर मोटार दिसते. काच चमकते, रंग वेगळा दिसतो, चाकांच्या खुणा तिच्यापर्यंत घेऊन जातात. पण झुडपाखाली आडवा पडलेला माणूस दिसत नाही. म्हणून कितीतरी शोधांमध्ये आधी गाडी सापडते आणि माणूस नंतर.

गाडी म्हणजे सावली, सामान आणि खूण. ती सोडली की तिन्ही गोष्टी गेल्या.

मग गाडीजवळ बसून करायचं काय?

१. गाडीच्या आत बसू नका. उन्हात बंद गाडीची भट्टी होते. ताडपत्री किंवा चादर गाडीला बांधून बाहेर सावली करा. जमीन तापलेली असते, म्हणून खाली सतरंजी, सीट काहीतरी घ्या.

२. दिवसा हालचाल करू नका. गाडी काढायची असेल, खणायचं असेल, तर ती कामं पहाटे किंवा संध्याकाळनंतर.

३. बॉनेट उघडं ठेवा. संकटात असल्याची ती सगळ्यांना कळणारी खूण आहे.

४. आरसा जवळ ठेवा. विमान दिसलं की ऊन परावर्तित करून इशारा देता येतो. रात्री जाळ आणि दिवसा धूर लांबून दिसतो. मात्र आग गाडीपासून दूर आणि आटोक्यात ठेवा.

५. तहान लागली की पाणी प्या. पाणी वाचवायच्या नादात तहान मारत बसू नका. घाम वाचवा, पाणी नाही.

पाणी किती न्यायचं? तिथे साधारण माणशी रोज किमान पाच लिटर आणि उन्हाळ्यात दहा लिटरपर्यंत धरतात. शिवाय अडकलात तर पुढचे काही दिवस पुरेल इतकं जास्तीचं. तेही एकाच मोठ्या टाकीत नाही, वेगवेगळ्या कॅनमध्ये. एक कॅन फुटला तरी सगळं जाऊ नये.

एका चिठ्ठीची दुसरी गोष्ट

याच कूपर क्रीकच्या काठी, बर्ड्सव्हिल ट्रॅकच्या पूर्वेला, ऑस्ट्रेलियाच्या इतिहासातली एक प्रसिद्ध चुकामूक झाली. रॉबर्ट बर्क आणि विल्यम विल्स यांची मोहीम १८६० मध्ये मेलबर्नहून निघाली. तिच्यासाठी उंट थेट कराची बंदरातून जहाजाने आणले होते. कूपर क्रीकवर तळ ठोकून काही माणसं तिथे थांबली आणि बर्क, विल्ससह चौघे उत्तरेचा समुद्र गाठायला पुढे गेले.

तळावरच्यांनी चार महिने वाट पाहिली. शेवटी २१ एप्रिल १८६१ च्या सकाळी त्यांनी तळ हलवला. त्याच दिवशी संध्याकाळी बर्क, विल्स आणि किंग परत पोचले! चौथा सोबती वाटेत गेला होता. तळावरच्यांनी झाडावर खूण करून खाली अन्न पुरून ठेवलं होतं. या तिघांनी ते काढलं, आपली चिठ्ठी त्याच जागी पुरली आणि वरची माती पहिल्यासारखी नीट करून ठेवली. झाडावर नवीन खूण मात्र केली नाही.

काही दिवसांनी, ८ मे रोजी, तळावरचा प्रमुख पुन्हा तिथे येऊन पाहून गेला. जमीन जशीच्या तशी दिसली, म्हणून त्याने खणलं नाही. तो परत गेला. बर्क आणि विल्स दोघेही मरण पावले. किंग वाचला, तो तिथल्या यांड्रुवांधा या आदिवासी लोकांनी त्याला सांभाळलं म्हणून.

यातून घ्यायचा धडा अगदी रोजच्या वापराचा आहे. तुम्ही कुठे आहात आणि कुठे जाणार, हे दुसऱ्याला दिसेल अशा जागी असायला हवं. निघण्याआधी कोणाला तरी सांगा : कोणत्या रस्त्याने जातोय, कधी पोचणार, अमुक वेळेपर्यंत फोन आला नाही तर पोलिसांना कळव. आणि पोचल्यावर आठवणीने फोन करा. नाहीतर तुम्ही हॉटेलात जेवत असाल आणि विमान वाळवंटात तुम्हाला शोधत असेल.

आता तर फोन आहे ना?

फोन आहे, पण टॉवर नाही. शिवाय उन्हात तापला की फोन स्वतःहून बंद पडतो. त्यामुळे नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवणं आणि सोबत कागदी नकाशाही नेणं शहाणपणाचं.

मदत मागण्यासाठी सगळ्यात भरवशाचं साधन म्हणजे ‘पर्सनल लोकेटर बीकन’. खिशात मावेल एवढं यंत्र. कळ दाबली की ते थेट उपग्रहाला संकेत पाठवतं आणि तुमचं ठिकाण बचाव यंत्रणेला कळतं. त्यावर बोलता येत नाही, म्हणून सॅटेलाइट फोनही असला तर उत्तम. जवळपासच्या ट्रकचालकांशी बोलायला यूएचएफ रेडिओ असतो. काही नव्या मोबाईलमध्येही उपग्रहामार्फत आणीबाणीचा संदेश पाठवायची सोय आली आहे. आयफोनची ही सोय ऑस्ट्रेलियात मे २०२३ मध्ये सुरू झाली.

पण एक लक्षात घ्या. ही यंत्रं मदत बोलावतात, ती लगेच आणत नाहीत. मदत पोचायला काही तास लागू शकतात, हवामान वाईट असेल तर त्याहून जास्त. तोवर तुम्हाला जिवंत ठेवायचं काम पाणी आणि सावलीच करणार. बीकन दाबून चालायला लागलात, तर शोधणाऱ्यांचं काम तुम्हीच अवघड करता.

आपल्या लोकांनी हे का वाचायचं?

मेलबर्न, सिडनी, अ‍ॅडलेडमध्ये आज कितीतरी मराठी घरं आहेत. इथून आईवडील, मित्र भेटायला जातात. नाताळची सुट्टी असते. तिथे आपल्यासारखंच डावीकडून गाडी चालवायची, त्यामुळे हात लगेच बसतो. ‘चला, वाळवंट बघून येऊ’ असा बेत सहज ठरतो.

बेत वाईट नाही. बर्ड्सव्हिल ट्रॅक आज पूर्वीपेक्षा बराच चांगला आहे. कोरड्या हवेत, चांगल्या गाडीने, नीट तयारी करून दरवर्षी असंख्य लोक तिथून जातात. बर्ड्सव्हिलला सप्टेंबरात घोड्यांच्या शर्यती असतात, तेव्हा शंभरेक वस्तीच्या गावात हजारो माणसं जमतात.

फक्त तीन गोष्टी पक्क्या करा. एक, हंगाम. जायचं तर मे ते सप्टेंबर. डिसेंबर ते फेब्रुवारी नको. सिम्पसन वाळवंटातली राखीव उद्यानं तर १ डिसेंबर ते १५ मार्च बंदच ठेवतात. दोन, भाड्याची गाडी असेल तर करार नीट वाचा. बऱ्याच करारांत कच्च्या रस्त्यावर गाडी नेली तर विमा लागू होत नाही. तीन, गाडीतल्या प्रत्येकाला, अगदी मुलांना आणि आजी-आजोबांनाही, निघण्याआधीच सांगून ठेवा : गाडी बंद पडली तर कोणीही गाडी सोडून जायचं नाही.

हे आधी ठरवायचं कारण एवढंच की, तहान लागल्यावर, ऊन डोक्यावर आल्यावर आणि मूल रडायला लागल्यावर माणसाचं डोकं नीट चालत नाही. तेव्हा विचार करायची वेळच येऊ नये. निर्णय घरून घेऊनच निघायचं.

कुणी तिकडे जाणार असेल तर त्याला हे नक्की पाठवा. बाकी सगळं विसरला तरी चालेल, शेवटचं एक वाक्य लक्षात राहिलं तरी पुरे.

गाडी सोडू नका.